नाकारलेली लस आणि राहून गेलेली लस

मराठीत लस टोचण्याला कित्येक पिढ्या ‘देवी काढणे’ असे म्हणत आल्या, आणि एवढा एक शब्दप्रयोग नीट पाहिला तरी लसीकरणाकडे पाहण्याच्या लोकदृष्टीचा बराचसा इतिहास त्यात सापडतो. अंगावर पुरळ उठवून माणसे मारणारा, वाचलेल्यांना आंधळे किंवा विद्रूप करणारा रोग म्हणजे साक्षात देवीचे येणे आहे, अशी समजूत ज्या समाजात होती, त्याच समाजाने दंडावर सुरीने ओरखडा काढून लस घालणाऱ्या सरकारी माणसाला ‘देवीचा डॉक्टर’ म्हटले आणि त्याच्या कामाला देवीचेच नाव दिले. देवी घरात राहिली आणि सुरीही घरात आली. एकीला येऊ देण्यासाठी दुसरीला घालवून देण्याची गरज लोकांना भासली नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम हे जिल्हे मिळून होणाऱ्या वऱ्हाडात आजही गोवर निघालेल्या बालकाविषयी ‘माता आली’ असे म्हटले जाते, उंबरठ्यावर कडुनिंबाचा पाला ठेवला जातो, घरात फोडणी दिली जात नाही, परक्या माणसाला आत घेतले जात नाही, आणि त्याच घरातील पुढच्या लेकराला अंगणवाडीत गोवराची लस टोचून आणली जाते. श्रद्धा आणि लस यांचे भांडण असल्याचे शहरी लेखनातून वारंवार सांगितले जाते, पण वऱ्हाडातील अनुभव त्याला फारसा दुजोरा देत नाही. मातेविषयीच्या या पथ्यांपैकी परक्याला घरात न घेण्याचे पथ्य तर रोग पसरू न देण्याच्या दृष्टीने उपयोगाचेच आहे. धोका निराळ्या जागी असतो. माता आलेल्या बालकाला औषध देऊ नये या समजुतीने त्याला दवाखान्यात नेण्यास उशीर होतो, आणि गोवरानंतर होणाऱ्या न्यूमोनियाने किंवा जुलाबाने ते दगावू शकते.

लस घेण्यास टाळाटाळ करण्याच्या वृत्तीला आरोग्यशास्त्रात ‘लसीबाबतची अनिच्छा’ म्हणतात. लस उपलब्ध असूनही ती घेण्यास केलेला विलंब किंवा दिलेला नकार, असा तिचा अर्थ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने केला आहे, आणि 2019 साली या संघटनेने जगाच्या आरोग्यापुढील दहा मोठ्या धोक्यांमध्ये तिचा समावेश केला. या व्याख्येतील ‘उपलब्ध असूनही’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, कारण कागदावर उपलब्ध असलेली लस आणि एका शेतमजूर आईला प्रत्यक्ष घेता येण्याजोगी लस यांत वऱ्हाडात मोठे अंतर पडू शकते. ज्याने विचार करून लस नाकारली तो, आणि ज्याची लस राहून गेली तो, हे दोघे सरकारी तक्त्यात एकाच रकान्यात बसतात. त्यांची कारणे मात्र वेगळी असतात आणि उपायही वेगळे असतात. या दोहोंची गल्लत करणे ही लसीकरणाविषयीच्या चर्चेतील सर्वांत मोठी चूक आहे.

नकाराचा इतिहास आधी पाहावा लागतो, कारण तो जुना आहे आणि त्यातील बहुतेक कारणे लसीबाहेरची आहेत. एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने 1796 साली गायीच्या देवीचा द्रव माणसाला टोचून देवी रोगापासून संरक्षण मिळते हे दाखवले, आणि बगदाद, बसरा या मार्गाने आलेला हा द्रव 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आला. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते. शीतपेट्या नसलेल्या त्या काळात लस जिवंत ठेवण्याचा उपाय म्हणजे एका बालकाच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव काढून दुसऱ्या बालकाला टोचणे, आणि या ‘दंडावरून दंडावर’ पद्धतीत एका जातीच्या लेकराच्या अंगातील द्रव दुसऱ्या जातीच्या लेकराच्या अंगात जात असे, फोड फोडल्याने पहिल्या लेकराला वेदना होत आणि दुसऱ्या रोगाची लागण होण्याची भीतीही खरी असे. तेव्हाचा विरोध केवळ अज्ञानाचा नव्हता, हे यावरून दिसते. पुढे वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत रूढ झाल्यावर यातील काही आक्षेप आपोआप दूर झाले.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली आले, आणि कापूस, रेल्वे व कचेऱ्या यांच्या पाठोपाठ सरकारी टोचणीही या प्रांतात आली. लस ही सरकारची वस्तू आहे, ही जाणीव तेव्हापासूनच तिच्याशी जोडली गेली, आणि सरकारविषयी मनात जे असेल ते लसीच्या वाट्याला येऊ लागले. मुंबई इलाख्यात 1896 साली प्लेग पसरला तेव्हा हे सर्वांत उघडपणे दिसले. घरांची झडती, बायकामाणसांची तपासणी आणि रोग्यांना बळाने हलवणे यांमुळे उसळलेल्या संतापाचे टोक 22 जून 1897 रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर झालेल्या हल्ल्यात दिसले, आणि त्याच वर्षी जानेवारीच्या 10 तारखेला मुंबईत वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, ही गोष्ट त्या संतापात झाकोळून गेली. त्याच्या प्रयोगशाळेला 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. जबरदस्तीसाठी वापरला गेलेला 1897 चा साथरोग कायदा महाराष्ट्रात मार्च 2020 मध्ये कोविडच्या वेळी पुन्हा लागू करण्यात आला. तो लागू करण्यामागची गरज समजण्याजोगी असली, तरी सव्वाशे वर्षांनंतरही राज्याच्या हाती साथीसाठी तोच कायदा असावा, ही विचार करण्याजोगी बाब आहे.

दुसरी आठवण अधिक जवळची आणि अधिक कडू आहे. आणीबाणीच्या काळात, 1976 साली, सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने तो कायदा कधी झाला नाही, पण नसबंदीच्या शिबिरांसाठी माणसे गोळा करण्याचे काम त्या काळात शिक्षक, तलाठी आणि आरोग्य कर्मचारी यांच्या गळ्यात बांधले गेले होते. सुई, सरकारी कर्मचारी आणि वंध्यत्व या तीन गोष्टी लोकांच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या त्या इथे. पुढे पोलिओच्या थेंबांविषयी उत्तर प्रदेशात आणि 2018 मध्ये गोवर-रुबेला लसीविषयी महाराष्ट्रातही ‘याने मूल होत नाही’ ही अफवा पसरली, तेव्हा ती कुठून तरी आकाशातून पडलेली नव्हती. जिथे एकदा तसा प्रयत्न झाला होता, तिथे ती अफवा रुजायला जमीन तयार होती.

महाराष्ट्रातील गोवर-रुबेला मोहीम 27 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलांना, आधी लस झालेली असली तरी, आणखी एक डोस देण्याची, आणि शाळकरी मुलांना तो शाळेतच देण्याची, ही योजना होती, आणि शाळेत टोचले जाणार म्हणजे आईबापांच्या नजरेआड टोचले जाणार, या एका गोष्टीने शंकेला वाव मिळाला. राज्यातील अनेक गावांत, विशेषतः उर्दू शाळांतून, पालकांनी त्या दिवशी मुलांना घरीच ठेवले. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या चित्रफितींनी भीती वाढवली. या प्रसंगाचे वर्णन करताना एका धर्मसमाजाकडे बोट दाखवण्याची सवय अनेकांना लागली, ती अन्यायाची आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने घातकही आहे, कारण दाट वस्तीत राहणाऱ्या, कमी जागेत अनेक माणसे असणाऱ्या ज्या कुटुंबांना गोवराचा धोका सर्वांत जास्त, त्यांनाच असे बोट दाखवल्याने आरोग्य यंत्रणेपासून दूर ढकलले जाते. त्या मोहिमेत मौलवींनी, उर्दू शिक्षकांनी आणि त्याच वस्तीतील डॉक्टरांनी पालकांशी बोलून जे साध्य केले, ते नोटिसांनी झाले नसते. पालकांचा प्रश्न अगदी साधा होता: आमच्या लेकराला आधी लस दिलेली असताना पुन्हा कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर गणिताचे आहे आणि ते पालकांना सांगणे अवघड नाही. गोवर हा माणसाला माहीत असलेल्या सर्वांत संसर्गजन्य रोगांपैकी एक असून लस न घेतलेल्या समाजात एका रोग्यापासून साधारण बारा ते अठरा जणांना तो होतो. त्याची साथ अडवायची तर समाजातील सुमारे 95 टक्के लोकांच्या अंगी प्रतिकारशक्ती असावी लागते. तेवढी असली की रोगाला पुढचे माणूस सापडत नाही आणि लस घेण्याइतके मोठे न झालेले तान्हे बाळही आपोआप वाचते. याला सामूहिक संरक्षण म्हणतात. आता नऊ महिन्यांच्या वयात दिलेला गोवराचा पहिला डोस साधारण 85 टक्के बालकांच्या अंगी लागू पडतो, कारण आईकडून आलेल्या संरक्षणाचा काही अंश त्या वयात बाळाच्या रक्तात उरलेला असतो. एखाद्या गावात शंभरपैकी नव्वद बालकांना पहिला डोस मिळाला, तर त्यातील सुमारे 76 सुरक्षित होतात आणि 24 उघडी राहतात. नव्वद टक्के हा आकडा बैठकीत शोभून दिसतो; गोवराच्या दृष्टीने ते गाव मोकळे असते. म्हणून 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस दिला जातो आणि म्हणूनच अधूनमधून मोहिमा घ्याव्या लागतात.

हे गणित कागदावरचे नाही, याचा पुरावा 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतील गोवंडीच्या वस्त्यांनी दिला. कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते, लस राहून गेलेली बालके साठत गेली होती, आणि गोवर तिथे शिरला. पाठोपाठ मालेगाव आणि भिवंडीतही त्याचा उद्रेक झाला. बाधितांमध्ये लस न घेतलेल्या बालकांची संख्या मोठी होती. महाराष्ट्रासारख्या प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात लसीकरणाचा आलेख वर चढतच गेला असेल, असे वाचकाला वाटू शकते, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे तसे सांगत नाहीत. वय 12 ते 23 महिने असलेल्या बालकांपैकी पूर्ण लसीकरण झालेल्यांचे प्रमाण राज्यात 1998-99 मध्ये सुमारे 78 टक्के होते, ते 2005-06 मध्ये 59 च्या आसपास आले, 2015-16 मध्ये 56 पर्यंत उतरले, आणि 2019-21 च्या पाहणीत सुमारे 73 टक्क्यांवर आले; त्या वेळी देशाची सरासरी 76 टक्के होती. दरम्यानच्या काळात लसींची संख्या वाढली, दवाखाने वाढले, रस्ते झाले, तरीही हा खड्डा पडला. इतक्या कुटुंबांनी एकाएकी लसीवरचा विश्वास गमावला, असे मानण्यास आधार नाही. बहुतेकांची लस राहून गेली.

ती कशी राहून जाते, हे समजून घेण्यासाठी अकोला जिल्ह्यातील एखाद्या कपाशीच्या गावाचा हंगाम डोळ्यांपुढे आणावा. दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो आणि वेचणी सुरू होते. वेचणी हे प्रामुख्याने बायकांचे काम असून मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळते, म्हणजे जितका वेळ शेतात तितके पैसे. सकाळी डबा बांधून शेतात गेलेली बाई संध्याकाळी परतते, आणि गावातील लसीकरणाचे सत्र महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी, अंगणवाडीत, बहुधा याच वेळेत असते. त्या दिवशी घरी राहायचे तर एक दिवसाची मजुरी जाते. याहून मोठा खर्च दुसऱ्या दिवशी येतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिली जाणारी पंचगुणी लस, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर या पाचांविरुद्धची एकत्र लस, घेतल्यावर अनेक बाळांना ताप येतो आणि मांडी सुजते. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण रडणारे, अंगाला चटका देणारे बाळ शेजारणीकडे किंवा आजीकडे सोपवून शेतात जाता येत नाही. ‘लेकराले ताप येते’ हे वऱ्हाडी आईचे वाक्य आरोग्य कर्मचाऱ्याच्या वहीत नकार म्हणून नोंदले जाते, प्रत्यक्षात ते दोन दिवसांच्या बुडणाऱ्या मजुरीचे वाक्य असते. त्या वेळी पॅरासिटामॉलचे औषध हाती देऊन ‘उद्यापर्यंत ताप राहील, पाणी पाजत राहा, अंगावर दूध पाजत राहा’ एवढे नीट सांगितले गेले, तर पुढच्या सत्राला तीच आई येते. ताप येईल हे लपवून टोचले, तर ती येत नाही आणि शेजारणीलाही येऊ देत नाही.

शहरात याच तापाने वेगळे रूप घेतले आहे. अकोल्यासारख्या शहरातील खासगी बालरोगतज्ज्ञांकडे ‘बिनतापाची लस’ विकत मिळते. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचा संपूर्ण देह न वापरता त्याचे निवडक भाग वापरलेले असतात, म्हणून ताप कमी येतो. ती लस वाईट नाही, पण तिच्यामुळे मिळणारे डांग्या खोकल्याविरुद्धचे संरक्षण जुन्या लसीपेक्षा लवकर ओसरते, हे तिच्या जाहिरातीत ठळकपणे सांगितले जात नाही. परिणाम असा झाला आहे की हजारो रुपये मोजून घेतलेली लस चांगली आणि सरकारी फुकटची लस ताप आणणारी, म्हणजे हलकी, अशी समजूत गरीब घरांपर्यंत पोहोचली आहे. सरकारी लसीची प्रतिष्ठा अफवांनी जितकी घालवली, तितकीच ती या तुलनेनेही गेली असावी.

राहून जाण्याचे आणखी एक कारण इतके घरगुती आहे की ते अहवालांत क्वचित येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत वऱ्हाडात अजून टिकून आहे. बाळ जन्मते माहेरच्या तालुक्यातील रुग्णालयात, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब यांचे जन्मतःच द्यायचे डोस तिथे होतात, सहा आठवड्यांचा डोस आजोळच्या अंगणवाडीत होतो, आणि मग बाळ-बाळंतीण सासरी परततात. माहेरच्या गावातील आशाताई, म्हणजे गावपातळीवरील आरोग्य स्वयंसेविका, बाळ गेले म्हणून नाव कमी करते, सासरच्या गावातील आशाताईच्या यादीत ते नाव यायला वेळ लागतो, आणि माता व बालसंरक्षण कार्ड माहेरच्या कपाटात राहते. दोन गावांच्या दोन वह्यांच्या मधे बाळाचे दोन डोस पडून जातात. कामासाठी वीटभट्टीवर किंवा दूरच्या जिल्ह्यात जाणाऱ्या कुटुंबांचे असेच होते, फक्त तिथे कोणत्याच गावाची वही नसते. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष या मोहिमेने अशा राहून गेलेल्या बालकांना शोधण्यावर भर दिला, आणि 2015-16 नंतर आकडे सावरले त्यात या शोधाचा वाटा आहे.

सासूचा किंवा नवऱ्याचा होकार लागणे, बाळाला घराबाहेर न काढण्याचा सव्वा महिन्याचा रिवाज, आजीने मांडलेला ‘आमच्या वेळी कुठे होत्या इतक्या सुया’ हा प्रश्न, हीदेखील कारणे आहेतच. आजीच्या प्रश्नाला मात्र आदराने उत्तर द्यावे लागते. तिच्या वेळी घटसर्पाने आणि धनुर्वाताने लेकरे जात होती, आणि आज ती जाताना दिसत नाहीत, म्हणूनच सुई अनावश्यक वाटते. लस यशस्वी झाली की रोग दिसेनासा होतो, आणि रोग दिसेनासा झाला की लसीचे काम डोळ्यांना दिसत नाही. देवीचा रोग 1975 मध्ये भारतातून संपला आणि 1980 मध्ये जग त्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. ज्यांच्या दंडावर देवी काढल्याचा गोल वण आहे अशी माणसे आता पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या नातवंडांना तो वण कशाचा हे सांगावे लागते.

उत्तरेकडे सातपुड्याच्या डोंगरांत ही परिस्थिती बदलते. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत पसरलेल्या मेळघाटात कोरकू समाज राहतो, आणि व्याघ्र प्रकल्पातून उठवून वसवलेली काही कोरकू गावे अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यातही आहेत. कोरकू ही भाषा मराठीशी नाते नसलेल्या मुंडा कुळातील आहे, त्यामुळे मराठीतील भित्तिपत्रक तिथे अर्धेही बोलत नाही. आजारपणात आधी भूमकाकडे, म्हणजे गावातील पारंपरिक उपचारकाकडे, जाण्याची रीत आहे. कुपोषणाने क्षीण झालेल्या बालकाला गोवर झाला तर तो अधिक प्राणघातक ठरतो, अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने डोळे जाऊ शकतात, आणि वाचलेल्या बालकाचीही इतर रोगांविरुद्धची आधी कमावलेली प्रतिकारशक्ती गोवराने घटते. लसीची सर्वांत जास्त गरज असलेल्या या मुलखात 2021 मध्ये कोविडच्या लसीने माणूस मरतो ही भीती पसरली, तेव्हा ती कमी करण्यासाठी कोरकूत बोलणारी माणसे, गावातलेच शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि भूमका यांना सोबत घ्यावे लागले. भूमकाला शत्रू ठरवून कामाला लागलेले कर्मचारी रिकाम्या हाताने परततात, हा मेळघाटातील जुना धडा आहे.

कोविडचा काळ वऱ्हाडाने विशेष सोसला. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यात दुसरी लाट येत असल्याची पहिली चाहूल अमरावती, अकोला आणि यवतमाळ येथेच लागली, आणि 22 फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी झाली. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातील खाटा भरत होत्या त्याच आठवड्यांत लसीविषयी शंका घेतली जात होती, आणि मे महिन्यात 18 वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्यावर चित्र एकदम उलटले: लस कमी आणि रांगा मोठ्या. काही काळापूर्वी ‘लोक लस घेत नाहीत’ असे सांगणारी यंत्रणा आता लोकांना परत पाठवत होती. नोंदणी संगणकावर किंवा चांगल्या भ्रमणध्वनीवर करायची असल्याने शहरातील सुशिक्षितांनी राज्यात अनेक ठिकाणी खेड्यातील केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या आणि ज्या गावाचे ते केंद्र होते तेथील माणूस बाजूला उभा राहून पाहत राहिला. काही महिन्यांच्या आत एकाच समाजाने लसीवर शंका घेतली आणि तिच्यासाठी धक्काबुक्कीही केली. लोकमत ही स्थिर वस्तू नसते, डोळ्यांपुढचा मृत्यू, शेजाऱ्याचे वागणे आणि यंत्रणेची वर्तणूक यांच्याबरोबर ते हलत असते.

यंत्रणेची वर्तणूक किती निर्णायक ठरते, हे याच वऱ्हाडातील एका घटनेने दाखवले. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसीकोपरी येथे 31 जानेवारी 2021 रोजी पल्स पोलिओच्या दिवशी बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचा द्रव पाजला गेला. बालकांना रुग्णालयात हलवण्यात आले, ती बचावली, आणि संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त ठरला, एवढे मोठे यश ज्या थेंबांच्या पाठीशी होते, त्यांच्यावरील विश्वासाला एका दिवसाच्या हलगर्जीपणाने तडा गेला. अशा चुका दडपल्या गेल्या की अफवांना खतपाणी मिळते. त्या उघडपणे सांगितल्या, बाळांची प्रकृती रोज कळवली, चौकशीचा निष्कर्ष गावात येऊन वाचून दाखवला, तर पालक पुन्हा येण्याची शक्यता राहते. लसीकरणानंतर उद्भवणाऱ्या त्रासाची चौकशी करणाऱ्या समित्या जिल्हा पातळीवर असतात, पण त्यांचे अस्तित्व पालकांना माहीत नसते, आणि ज्याची चौकशी होते हे ठाऊकच नाही त्याच्या सुरक्षिततेवर विश्वास तरी कसा ठेवायचा?

अकोल्याला आणखी एक अडचण निसर्गाने दिली आहे. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. जिल्ह्याच्या साठ्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत, तिथून बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून अंगणवाडीपर्यंत चालणाऱ्या या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. लसीच्या कुपीवर एक लहान गोल आणि त्याच्या आत चौकोन छापलेला असतो. लस तापली की आतला चौकोन गडद होत जातो आणि गोलाइतका गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची असते. हे चिन्ह कोणत्याही आईला दोन मिनिटांत वाचता येईल. ते तिला दाखवण्याची पद्धत मात्र नाही, आणि ती असती तर ‘उन्हाने लस खराब झाली असेल’ या शंकेचे उत्तर तिला स्वतःच्या डोळ्यांनी मिळाले असते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे लागते आणि गोड्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. पिण्याचे पाणी न देणारे शासन पोलिओचे थेंब मात्र दाराशी आणून देते, ही विसंगती लोकांना जाणवते. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पोलिओच्या काळात काही गावांनी ‘आधी रस्ता द्या, मग थेंब’ अशी अट घातली होती, ती याच भावनेतून. अस्वच्छ पाण्याने वारंवार जुलाब होणाऱ्या बालकाच्या आतड्यात तोंडावाटे दिलेली लस कमी लागू पडते, हे वैद्यकीय सत्यही या मागणीच्या बाजूने उभे राहते. गाडगे महाराजांनी मूर्तिजापूर-अमरावतीच्या याच पट्ट्यात वऱ्हाडी बोलीत कीर्तने करताना आधी झाडू हाती घेतला आणि मग उपदेश केला, हा क्रम आरोग्य खात्याने ध्यानात घेण्याजोगा आहे.

या सगळ्या व्यवस्थेचा भार प्रत्यक्षात उचलते ती नर्सबाई आणि तिच्यासोबतची आशाताई. कोणाच्या घरात बाळ आहे, कोणाची सून माहेरी गेली आहे, कोणत्या सासूची समजूत कोणाच्या शब्दाने पटते, हे आशाताईला ठाऊक असते, आणि ती गावातलीच असल्याने ताप आलेल्या बाळाची आई रात्री तिचेच दार वाजवते. तिला मिळणाऱ्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो आणि मोबदला वेळेवर मिळत नाही, ही तिची तक्रार जुनी आहे. महाराष्ट्रातील सुमारे 70 हजार आशा सेविकांनी जून 2021 मध्ये, साथीच्या ऐन काळात, मानधनासाठी संप केला होता. लसीविषयी लोकांच्या मनात विश्वास निर्माण करणे ही जाहिरातींची बाब असल्याचे समजून भिंती रंगवण्यावर खर्च करणारे शासन, ज्या बाईच्या शब्दावर गाव लस घेते तिला कायम सेवेचा दर्जा देत नाही, तोवर राहून गेलेल्या डोसांची संख्या फार कमी होणार नाही. सत्राची वेळ वेचणीच्या हंगामात सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला ठेवणे, माहेर आणि सासर या दोन्ही गावांच्या वह्या एकमेकींना जोडणे, तापाचे औषध लसीसोबतच देणे, ही कामे स्वस्त आहेत आणि जिल्हा परिषदेच्या अधिकारात बसणारी आहेत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात किंवा शेतावर काम करणाऱ्या कुटुंबात पाच वर्षांखालील लेकरू आहे, त्यांनी त्याचे कार्ड मागवून 16 ते 24 महिन्यांचा रकाना पाहावा. तिथे गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाची तारीख नसेल, तर वय उलटले म्हणून कोणी परत पाठवणार नाही. राहून गेलेला हा डोस पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत देता येतो, आणि तो गावच्या अंगणवाडीत, उपकेंद्रात, तसेच अकोल्यात ‘लेडी हार्डिंग’ या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा स्त्री रुग्णालयात विनामूल्य मिळतो.